जहांगीर बादशहा आणि ताम्रपटावरचीं पवित्र चित्रें

मोगल बादशहा जहांगीर ह्याचें नांव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं शाळेच्या इतिहासांत वाचिलें असेल. अकबराचा मुलगा, शहाजहानचा बाप, नूरजहानचा नवरा, आणि आग्र्याच्या किल्ल्यास न्यायाची सोन्याची सांखळी टांगविणारा, इतकी त्याची ओळख सर्वत्र आहे. परंतु त्याच्या आयुष्याची आणखी एक बाजू आहे, ती लहान पुस्तकांत येत नाहीं. प्रभु येशूच्या जन्माचीं व दुःखसहनाचीं चित्रें जमविण्याची ह्या बादशहास मोठी हौस होती. तीं चित्रें युरोपांत तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापिलेलीं असत, आणि बहुतेक गोव्याच्या बंदरांत उतरून उत्तरेस जात. ज्या उपदेशकांनीं चित्रांची गुंडाळी खांद्यावर घेऊन तिरोडा, आमगांव, देवरीकडील खेडीं पायांखालीं घातलीं आहेत, त्यांस हें चरित्र विचार करण्याजोगें वाटेल, म्हणून तें येथें देत आहों.

जहांगीर १५६९ सालीं फत्तेपूर सिक्री येथें जन्मला. शेख सलीम चिश्ती नामक फकिराच्या आशीर्वादानें पुत्र झाला अशी अकबराची श्रद्धा होती, म्हणून मुलाचें नांव सलीम ठेविलें. त्याची आई अंबरच्या रजपूत राजघराण्यांतली. सलीम दहा वर्षांचा असतां, १५८० च्या फेब्रुवारींत, अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याचे तीन पाद्री सिक्रीस येऊन पोंचले. हे रोमन मताच्या येशूसंघाचे होते. त्यांचा मुख्य रुडॉल्फ आक्वाव्हिवा ह्यास तेव्हां तीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. दुसरा आंतोनियो मोन्सेरात. तिसरा फ्रांसिस हेन्रिक हा मूळचा इराणी असल्यामुळें त्यालाच दुभाषाचें काम करावें लागे. गोवा सोडल्यापासून सिक्रीस पोंचेपर्यंत त्यांस तीन महिन्यांवर काळ लागला.

त्यांनीं बादशहास जी भेट दिली ती पवित्र शास्त्राची. अँटवर्प शहरीं क्रिस्तोफ प्लांतँ नामक मुद्रकानें स्पेनच्या फिलिप राजाच्या आश्रयानें १५६८ ते १५७२ ह्या वर्षांत हा ग्रंथ आठ मोठ्या खंडांत छापिला होता. त्यांत इब्री, अरामी, सिरियाक, ग्रीक व लातिन अशा पांच भाषा होत्या. अकबरानें पागोटें उतरून एकेक खंड मस्तकीं धरिला व त्याचें चुंबन घेतलें. शुभवर्तमान कोणत्या खंडांत आहे हें विचारून त्याला त्यानें विशेष मान दिला. हें सर्व त्यानें मनापासून केलें ह्यांत संशय घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्या पांच भाषांपैकीं एकहि त्याची नव्हती, आणि त्यास अक्षरओळखहि नव्हती म्हटलें तरी चालेल. तेव्हां दरबारानें त्या ग्रंथांत जें वाचिलें तें चित्र.

पहिल्या खंडाच्या मुखपृष्ठावर एक कोरीव चित्र आहे. एका कमानीखालीं सिंह, बैल, लांडगा व कोंकरूं हीं चौघें एकाच गव्हाणींत तोंड घालून शांतपणें खात आहेत. यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायांत ख्रिस्ताच्या राज्याचें जें वर्णन आहे तें येथें रेखाटिलें आहे. नवेगांव-नागझिऱ्याच्या रानालगत ज्यांचीं गुरें चरतात त्यांस ह्या चित्राचा अर्थ फोडून सांगावयास नको. वाघ गोठ्यांत शिरतो तो कडबा खावयास नव्हे, हें ते पुरतें जाणतात. सलीमनें हें चित्र लहानपणींच पाहिलें असावें. पुढें त्याच्या दरबारांत ह्याचें काय झालें तें योग्य ठिकाणीं येईल.

ह्या पाद्र्यांपाशीं सलीमचा धाकटा भाऊ मुराद पोर्तुगीज भाषा शिकूं लागला. (वऱ्हाडांत बाळापुराजवळ शहापूर वसविणारा शहाजादा तो हाच.) १५८२ सालीं अकबरानें फिलिप राजास पत्र लिहून पवित्र शास्त्राचें फारसी किंवा अरबी भाषांतर असल्यास पाठवावें अशी मागणी केली. भाषांतर आलें नाहीं. १५८३ सालीं आक्वाव्हिवा गोव्यास परतला आणि त्याच वर्षीं साष्टी प्रांतांत कुंकळ्ळी गांवीं चार सोबत्यांसह मारला गेला.

आतां हीं चित्रें कशीं होत तें थोडें सांगणें अवश्य आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या, म्हणजे १९९९ पर्यंतच्या एकत्र भंडारा जिल्ह्याच्या, लोकांस पितळेच्या भांड्यांचें कौतुक नवें नाहीं. लग्नांत भांड्यांवर नांव घालणारा कारागीर लहानशा पोलादी टोच्यानें ठिपक्यांचीं अक्षरें ठोकितो तें सर्वांनीं पाहिलें आहे. ताम्रपट कोरणारा ठोकीत नाहीं, तो कापितो. त्याच्या हातीं चौकोनी पोलादी सळईची तिरपी घासलेली कोरणी असते. तिची लांकडी मूठ तळहातांत बसते. घोटून आरशासारखा केलेला तांब्याचा पत्रा वाळूच्या कातडी उशीवर ठेवून तो कोरणी पुढें रेटितो, आणि वळणाची रेघ काढावयाची असेल तर कोरणी न वळवितां पत्राच वळवितो. दाब कमी केला तर रेघ केसासारखी, वाढविला तर जाड. सावली पाडावयाची तर रेघांशेजारीं रेघा, आणि गडद सावली पाडावयाची तर त्यांवर आडव्या रेघा. पुढें सर्व पत्र्यास शाई चोळून फडक्यानें व तळहातानें पुसून घेतात, म्हणजे शाई खांचांतच उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढिला कीं चित्र कागदावर उतरतें, पण उलटें. पत्र्यावरील उजवा हात कागदावर डावा होतो. जपून वापरिल्यास एका पत्र्यावरून हजारांवर प्रती निघत. महाराष्ट्रांत ही विद्या फार उशिरां आली. नाना फडणीसांच्या वेळीं पुण्याच्या एका तांबटास ती शिकविण्यांत आली, आणि १८०५ सालीं मिरजेस ताम्रपटावरून गीता छापिली गेली.

ह्या कामांत एक मोठी अडचण आहे. चित्रकार रंगांनीं बोलतो, आणि कोरणाऱ्यापाशीं तर काळ्या रेघेवांचून दुसरें कांहीं नाहीं. दुसऱ्याचें चित्र कोरणाऱ्यानें तांबड्या झग्याचें, उजळ मुखाचें, रात्रींच्या अंधाराचें सर्व वजन रेघांच्या दाटीविरळीनें दाखवावयाचें. ह्याला भाषांतरकाराचीच विद्या पाहिजे. जहांगीर आग्र्यास राज्य करीत असतां तिकडे अँटवर्पांत रूबेन्स हा थोर चित्रकार आपल्या वेदीवरील चित्रांचे छाप काढविण्यासाठीं मुद्दाम कोरणारे पदरीं ठेवी, प्रत्येक छाप स्वतः तपाशी, आणि परवानगीवांचून कोणी नक्कल करूं नये म्हणून सरकारी सनदा मिळवी. वधस्तंभावरून प्रभूचें शरीर उतरवितात ह्या त्याच्या प्रसिद्ध चित्राचा छाप लुकास फोर्स्तरमान ह्यानें १६२० सालीं काढिला. पुढें त्या दोघांत असें वितुष्ट आलें कीं फोर्स्तरमान इंग्लंडास निघून गेला. कोरणाऱ्याचा हात नेमका कोणाचा, धन्याचा कीं त्याचा स्वतःचा, हा तंटा तेव्हांपासूनचा आहे.

गोव्यास येणाऱ्या छापांवर ज्यांचीं नांवें वारंवार आढळतात ते योहान, हिएरोनिमस व आंतोनी वीरिक्स हे अँटवर्पचे तिघे भाऊ. जर्मनीचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर ह्याच्या कोरीव चित्रांच्या नकला हिएरोनिमसानें बारातेरा वर्षांच्या वयांत इतक्या हुबेहूब केल्या कीं जाणत्यांनीं तोंडांत बोट घालावें, आणि आपलें वय तो चित्रावर कोरून ठेवी. ह्या भावांचें वर्तन मात्र त्यांच्या चित्रांसारखें नव्हतें. त्यांस कामावर आणावयाचें तर आधीं दारूच्या गुत्त्यांत शोधून त्यांचें कर्ज फेडावें लागे अशी प्लांतँची तक्रार होती, आणि हिएरोनिमस तर नशेंत एका बाईचा जीव घेऊन तुरुंगांत पडला होता. अँटवर्प १५८५ सालीं स्पेनच्या सैन्याच्या हातीं पडलें तेव्हां हे भाऊ लूथरच्या मताचे म्हणून नोंदले गेले. तरी १५९३ सालीं नादाल नामक येशूसंघी पाद्र्याच्या शुभवर्तमान-चित्रांच्या ग्रंथांतील १५३ ताम्रपटांपैकीं बहुतेक ह्यांनींच कोरिले. प्रत्येक चित्रांत निरनिराळ्या प्रसंगांस अक्षरें घातलीं आहेत आणि खालीं त्या त्या अक्षरापुढें अर्थ लिहिला आहे. उपदेशकाच्या उपयोगाची अशी सोय पाहून कोणासहि समाधान वाटेल. तो ग्रंथ पुढें चीनपर्यंत गेला, आणि चिनी कारागिरांनीं तीं चित्रें लांकडावर कोरून पुनः छापिलीं.

१५९५ सालीं गोव्याहून दुसरे पाद्री लाहोरास गेले. त्यांचा मुख्य जेरोम झेवियर. सलीम आतां पंचविशींत होता. मरीयेचें चित्र आपणांसाठीं आणिलें नाहीं म्हणून तो रागावला, आणि हातीं पडेल त्या छापाची नक्कल आपल्या चित्रकारांकडून करवूं लागला. झेवियरनें अब्दुल सत्तार नामक लाहोरच्या विद्वानाच्या साह्यानें ख्रिस्ताचें चरित्र फारसी भाषेंत रचून १६०२ सालीं पुरें केलें, आणि सलीमनें तें सचित्र करविलें. बादशाही भाषेंत प्रभूची कथा आली ती अशी. परंतु झेवियरनें शास्त्रांतील वृत्तांतांत शास्त्राबाहेरील दंतकथा मिसळल्या होत्या. तें पुस्तक १६३९ सालीं हॉलंडांत लायडन येथें छापितांना लुई द द्यू ह्या सुधारित मताच्या पंडितानें हा दोष उघड दाखविला. नवा करार फारसींत हेन्री मार्टिन ह्यानें आणिला तो १८१२ च्या सुमारास, आणि मराठींत केरींचा नवा करार निघाला १८११ सालीं. अकबराचें मागणें पुरें होण्यास दोन शतकांहून अधिक काळ लोटला. चित्रांस मात्र एक समुद्रप्रवास पुरे होत असे.

सलीमच्या पदरीं हिरातचा आका रिझा नामक चित्रकार होता. त्याचा मुलगा अबुल हसन. १६०० सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, ह्या मुलानें ड्यूररच्या छापावरून एक रेखाचित्र काढिलें. मूळ ताम्रपट १५११ सालचा. त्यांत मध्यें वधस्तंभावर ख्रिस्त, एका बाजूस मरीया, आणि दुसऱ्या बाजूस योहान शिष्य हात घट्ट गुंफून उभा आहे. अबुल हसननें झग्याची एकेक चुणी उतरविली आहे. कोरणीची रेघ त्यानें कलमानें जशीच्या तशी साधिली. हें काम पाहून मन चकित होतें. पण त्यानें काढिला तो एकटा योहान. त्या कागदावर वधस्तंभ नाहीं, ख्रिस्त नाहीं. शिष्य मान वर करून शोकानें पाहत आहे, आणि तो जिकडे पाहतो तिकडे कोरा कागद आहे. तेरा वर्षांच्या पोरास दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. त्याला हातांची ठेवण शिकावयाची होती. तथापि पाद्र्यांच्या परिश्रमांचें त्या दरबारांत काय झालें तें सांगण्यास आम्हांस ह्याहून नेमकी खूण सांपडत नाहीं.

१६०५ सालीं अकबर वारला आणि सलीम जहांगीर नांवानें गादीवर बसला. दुसऱ्याच वर्षीं त्याचा वडील मुलगा खुस्रू ह्यानें बंड केलें. बंड मोडल्यावर लाहोरच्या रस्त्याच्या दुतर्फा सूळ पुरून त्यांवर खुस्रूच्या अनुयायांस चढविण्यांत आलें, आणि त्या रांगांमधून मुलाला हत्तीवर बसवून नेलें. शिखांचे गुरु अर्जुन ह्यांचा अंत ह्याच प्रसंगीं झाला. खुस्रूचे डोळे पुढें फोडण्यांत आले, आणि १६२२ सालीं तो बऱ्हाणपुरास कैदेंत मेला.

हाच बादशहा आग्र्याच्या वाड्यांत भिंतींवर ख्रिस्त, मरीया व संत ह्यांचीं चित्रें काढवीत होता. नमुने सारे छापांचे, आणि छापांत रंग नाहींत. म्हणून कोणाचा झगा कोणत्या रंगाचा असावा हें पाद्र्यांस विचारून यावें व ते सांगतील त्यांत फरक करूं नये असा त्यानें चित्रकारांस हुकूम दिला. रंगाविषयीं इतका काटेकोरपणा! १६१० सालीं त्यानें आपल्या मृत भावाच्या, दानियालच्या, तिघां मुलांचा बाप्तिस्मा होऊं दिला. मुलांस पोर्तुगीज नांवें मिळालीं, आणि थोड्याच वर्षांत ती सारीं मूळ धर्मांत परत गेलीं. ह्या बाप्तिस्म्यांत राजकारण किती होतें हें १६१३ सालीं कळून आलें. पोर्तुगीजांनीं सुरतेजवळ बादशहाच्या आईचें जहाज पकडिलें, तेव्हां जहांगीरनें देवळें बंद करविलीं व पाद्र्यांचा तनखा थांबविला.

चित्रांची पारख त्याला खरोखर होती. एका चित्रांत चेहरा एकाचा व भुंवया दुसऱ्याच्या हातच्या असल्या तरी आपण ओळखूं शकतों अशी प्रौढी तो मिरवी. १६१६ सालीं अजमेरास इंग्रज वकील सर टॉमस रो ह्यानें त्यास एक बारीक काम केलेली तसबीर दाखविली, तेव्हां आपला चित्रकार हिची अशी नक्कल करील कीं धन्यास स्वतःची तसबीर ओळखूं येणार नाहीं असें जहांगीर म्हणाला. कांहीं दिवसांनीं रात्रीं दिव्याच्या उजेडांत रोपुढें सहा तसबिरी मांडिल्या. त्यांत पांच नकला होत्या. रोनें अखेर आपली ओळखिली, पण त्यास बराच वेळ लागला, आणि बादशहास फार आनंद झाला. त्याच रोनें मर्केटरचा नकाशांचा ग्रंथही दिला होता. तोहि ताम्रपटावरच कोरलेला. परंतु त्यांतील भाषा दरबारांत कोणास लागेना, म्हणून बादशहानें तो सन्मानपूर्वक परत केला.

आतां त्या सिंहाची व कोंकराची गोष्ट. जहांगीरच्या चित्रकारांनीं बायबलच्या मुखपृष्ठावरील तो विषय उचलला आणि बादशहाच्या पायांखालीं ठेविला. १६१८ च्या सुमारास अबुल हसननें एक चित्र काढिलें. त्यांत पृथ्वीच्या गोलावर सिंह व मेंढरूं निजलेलीं असून वर जहांगीर इराणच्या शहा अब्बासास आलिंगन देत आहे. सिंह जहांगीरच्या पायांखालीं आहे आणि तो हळूच मेंढराला इराणाबाहेर ढकलीत आहे. ह्या दोघां राजांची भेट कधींच झाली नाहीं, आणि १६२२ सालीं अब्बासानें कंदाहार घेतलें. अबुल हसनास मात्र ह्याच काळांत बादशहानें नादिर-उझ-जमान हा किताब दिला.

दुसरें चित्र आपल्या दक्षिणेसंबंधीं आहे. मलिक अंबर, हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभारी होऊन त्यानें जमिनीची पहाणी करून धाऱ्याची पद्धत बसविली. त्यानें खडकी शहर वसविलें, तेंच आजचें छत्रपति संभाजीनगर. मराठे शिलेदार हाताशीं धरून त्यानें मोगलांस दक्षिणेंत पाय रोवूं दिला नाहीं. जहांगीर त्याचें नांव शिवीवांचून घेत नसे. १६१६ च्या सुमाराच्या ह्या चित्रांत जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून धनुष्य ओढीत आहे, आणि समोर भाल्यावर मलिक अंबरचें तोडलेलें शिर आहे. ढगांतून युरोपी छापांतलीं पंखांचीं बाळें बादशहास शस्त्रें देत आहेत. पायांखालच्या गोलावर हिंस्र पशु व गरीब जनावरें एकत्र सुखानें नांदत आहेत, म्हणजे यशयाचें तेंच राज्य. मलिक अंबरचें शिर जहांगीरच्या हातीं कधींहि आलें नाहीं. १६२४ सालीं भातवडीस अंबरनें मोगल व आदिलशहा ह्यांच्या एकवटलेल्या फौजेचा मोड केला. त्या लढाईंत शहाजीराजे अंबरच्या बाजूनें लढले आणि त्यांचे बंधु शरीफजी पडले.

जहांगीरचीं अखेरचीं वर्षें अफू, दारू व दमा ह्यांत गेलीं. कारभार नूरजहानच्या हातीं होता. मुलगा खुर्रम, जो पुढें शहाजहान झाला, त्यानेंहि बापावर शस्त्र उचललें. १६२७ च्या ऑक्टोबरांत काश्मिराहून परततांना वाटेंतच बादशहा वारला, आणि लाहोरजवळ शाहदऱ्यास त्याला पुरलें. त्याचे चित्रसंग्रह फुटून देशोदेशीं गेले. एका मोठ्या संग्रहाचा बराच भाग तेहरानास आहे, आणि त्याच्या पानांच्या किनारींवर अजून अँटवर्पच्या छापांतून उतरलेलीं माणसें दिसतात. योहानाचें रेखाचित्र ऑक्सफर्डास, शहा अब्बासाचें वॉशिंग्टनास, आणि अंबरच्या शिराचें चित्र डब्लिन शहरीं आहे. स्वतः मलिक अंबर बादशहाच्या आधीं एक वर्ष, १६२६ सालीं, ऐंशीच्या घरांत येऊन आपल्या मृत्यूनें मेला. खुलताबादेस त्याची कबर आहे. वेरूळास जाणाऱ्यांस ती जवळच पाहतां येते.